जमिनीत सापडलेली हाडे

विहीर खणणाऱ्याला पाणी हवे असते आणि घराचा पाया खणणाऱ्याला घट्ट मुरूम हवा असतो. हाडे दोघांनाही नको असतात. तरीही ज्या देशात माणूस हजारो वर्षे नदीकाठी नांदला, मेला आणि पुरला गेला, तेथे एखादे दिवशी कुदळीच्या टोकाला कवटी लागावी यात नवल नाही. अशा वेळी मजूर काम टाकून बाजूला उभे राहतात. कोणी नारळ फोडण्याची गोष्ट काढतो, तर कोणी गावातल्या एखाद्या जुन्या खुनाची आठवण काढतो. जमिनीचा धनी मात्र मनाशी एकच हिशेब करीत असतो. ही गोष्ट बाहेर फुटली तर आपली जमीन जाईल काय? या हिशेबाचा निकाल पुष्कळदा दिवस मावळण्याच्या आत लागतो. हाडे पुन्हा मातीआड होतात किंवा ओढ्यात सोडली जातात, आणि दुसऱ्या दिवशी काम पुढे चालू होते.

ही भीती कितपत खरी आहे, एवढाच आजचा विषय आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सरकारी नोकराने तसे म्हटले तर त्यावर विश्वास कोण ठेवील? परंतु ती बहुधा चुकीच्या गोष्टीविषयी वाटत असते. जमीन जाण्याचे प्रसंग फार थोडे. खरा तोटा होतो तो वेळेचा आणि कधीकधी बांधकामाच्या हक्काचा. आणि लपवाछपवी केल्याने यांपैकी कोणताच तोटा टळतो असे नाही.

पहिली अडचण अशी, की नुसते हाड पाहून ते कोणाचे आणि किती जुने हे सामान्य माणसाला सांगता येत नाही. शेतात सापडणारी पुष्कळशी हाडे गुराढोरांची असतात, कारण मेलेले जनावर बांधालगत पुरण्याची रीत सगळीकडेच आहे. मानवी हाडे असली तरी तीही संशयास्पदच असतात असे नव्हे. आपल्याकडे दहनाची चाल असूनही तान्ही मुले पुरतात, संन्याशांना समाधी देतात, लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती यांच्यात दफनच करतात, आणि साथीच्या दिवसांत तर कोणी कोणाला कोठे पुरले याची नोंदही राहत नसे. जुन्या महसुली नकाशावर जेथे दफनभूमी दाखवलेली आहे, ती जागा पुढे वहिवाटीने शेतात मिसळून गेली, असेही घडते. तेथे प्रश्न पुराणवस्तूंचा नसून समाजाच्या भावनांचा आणि मालकीहक्काचा असतो, व तो जुन्या नोंदी पाहूनच सुटतो. अशा जागी जाणूनबुजून प्रेताची विटंबना केली तर तो फौजदारी गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पण हाड मानवी आहे आणि त्याची हकीकत कोणालाच ठाऊक नाही, असे दिसले की पहिली वर्दी पोलिसांनाच द्यावयाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या १९४ व्या कलमाप्रमाणे संशयास्पद मृत्यूची खबर मिळताच ठाणे अंमलदाराने जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदाराला, कळवून जागेवर जावयाचे आणि दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करावयाचा असतो. पुरलेले प्रेत उकरून तपासण्याचा हुकूम दंडाधिकारी देतो. जमीनमालकाने आपण होऊन खोल उकरीत जाणे म्हणूनच श्रेयस्कर नाही. तो या प्रकरणात खबर देणारा असतो, आरोपी नव्हे. मात्र हाडे नाहीशी केली आणि पुढे ती कोणा बेपत्ता माणसाची निघाली, तर त्याची स्थिती पालटते. गुन्हा घडल्याचे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, गुन्हेगाराला वाचविण्यासाठी पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा आहे. भाबडेपणाने हाडे पुन्हा पुरणारा या व्याख्येत बसत नाही हे खरे, परंतु आपण भाबडे होतो हे ठाण्यात बसून सिद्ध करण्याची पाळी कोणावर येऊ नये.

पोलिसांची चौकशी बहुधा लवकर आटोपते. हाडे फार जुनी आहेत असा वैद्यकीय अभिप्राय आला की त्यांचा संबंध संपतो आणि दुसऱ्या खात्याचा सुरू होतो. येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळ नुकसान नेमके याच ठिकाणी होते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बारा हंगाम तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. तेथील लोक मृत बालकांना घराच्या जमिनीखालीच पुरत. त्यासाठी मातीचे दोन रांजण घेत, त्यांत लहानग्याला ठेवीत, आणि दोन्ही रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून ते आडवे खड्ड्यात ठेवीत. सोबत एखादी वाटी, एखादे तांबडे रंगविलेले भांडे. प्रौढ माणसांना खड्ड्यात उताणे निजवीत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडून टाकीत. मेलेल्याने परत घराबाहेर चालत जाऊ नये, असा काही समज त्यामागे असावा असे संशोधक मानतात. नेवाशालाही डॉ. सांकलिया यांना १९५४ ते १९५६ च्या उत्खननात अशीच बालकांची रांजणातील दफने मिळाली. गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या काठी अशी गावे पुष्कळ होती.

आता नांगराला किंवा यंत्राच्या फाळाला तोंडास तोंड लावलेले दोन रांजण लागले, तर पाहणाऱ्याच्या मनात काय येईल? धन! पुरलेल्या धनाच्या कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. रात्री दिवा घेऊन रांजण फोडला जातो, आत पक्ष्याच्या हाडांसारखी नाजूक हाडे आणि माती निघते, आणि निराशेने ती फेकली जाते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका आईने जे जपून ठेवले ते पाच मिनिटांत नाहीसे होते, आणि फोडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

समजा, हाडांबरोबर खरोखरच काही मौल्यवान निघाले. तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू म्हणजे निधी, अशी त्याची व्याख्या आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर काय सापडले, कोठे आणि कोणत्या तारखेस, हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावयाचे आणि वस्तू सरकारी कोषागारात ठेवावयाची किंवा जामीन द्यावयाचा. दहा रुपयांचा आकडा त्या काळचा आहे. तेव्हा दहा रुपयांना मान होता. जिल्हाधिकारी जाहीरनामा काढून हक्कदारांना बोलावितो. कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि निधी बेवारस ठरला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश मिळतो. दोघांत आधी काही करार झाला असेल तर त्याप्रमाणे. सरकारला तो स्वतःकडे ठेवावयाचा असेल तर जिन्नसाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. वर्दी न देणाऱ्याचा वाटा मात्र सरकारजमा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रांजणातले मणी गुपचूप एखाद्या दुकानदाराला विकावे, तर १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आड येतो. परवान्यावाचून पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

या कायद्यातली विसंगती सुज्ञ श्रोत्यांच्या लक्षात आलीच असेल. सोने सापडले तर सापडणाऱ्याचा वाटा ठरलेला आहे. हाडे सापडली तर त्याला दमडी नाही. हाडांना बाजारभाव नाही, म्हणून ती निधी नव्हेत. वास्तविक शास्त्राच्या दृष्टीने गोष्ट बहुधा उलटी असते. हरियाणातील राखीगढीच्या दफनभूमीत डेक्कन कॉलेजच्या तुकडीने काढलेल्या अनेक सांगाड्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अस्थीतून आनुवंशिक द्रव्य मिळविता आले, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या एका निबंधाने सिंधू संस्कृतीच्या लोकांविषयीच्या चर्चेला नवे वळण दिले. कितीही सोन्याने ते काम झाले नसते. जुने दफन वेळेवर कळविणाऱ्या शेतकऱ्यास काही ठराविक पारितोषिक देण्याची तरतूद असती, तर पुष्कळ रांजण वाचले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जमिनीच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा हा येथे मुळाशी आहे; राज्यांचे स्वतःचे कायदेही आहेत, महाराष्ट्राचा १९६० चा. निदान शंभर वर्षांपूर्वीचे अवशेष ज्या जागेत आहेत, किंवा असावेत असे मानण्यास सबळ कारण आहे, ती जागा पुरातत्त्वीय स्थळ होऊ शकते. ‘होऊ शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हाडे सापडली म्हणून कोणतेही शेत आपोआप संरक्षित होत नाही. तसे करावयाचे तर केंद्र सरकारला दोन महिन्यांची पूर्वसूचना राजपत्रात द्यावी लागते, तिची प्रत जागेजवळ ठळक ठिकाणी लावावी लागते, आणि त्या मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. कित्येकांचा तोटा येथेच होतो. बांधावरच्या फळीवर लावलेला कागद कोणी वाचीत नाही, आणि मुदत टळल्यावर वकिलाकडे धाव घेतली जाते.

संरक्षित घोषित झाल्यावरही मालकी मालकाचीच राहते. सातबारा त्याच्याच नावे चालतो, जमीन विकता येते, वारसांकडे जाते. निर्बंध येतात ते वापरावर. परवानगीवाचून इमारत बांधता येत नाही, खाण काढता येत नाही, सुरुंग लावता येत नाही. शेती करता येते, पण एक फुटाहून खोल माती उकरणारी नव्हे. ज्वारी-बाजरी, गहू यांना एवढे पुरते. ऊस किंवा फळबाग लावू पाहणाऱ्याला, किंवा जेथे नवी विहीर हवी तेथे, हा एक फूट जाचक ठरतो यात शंका नाही.

याहून मोठा जाच शेजाऱ्याला होतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या क्षेत्राच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत ते परवानगीने करावे लागते. २०१० च्या दुरुस्तीने हे नियम कायद्यातच घातले, व निषिद्ध पट्ट्यात बांधकाम करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ज्याच्या शेतात काहीच सापडले नाही, त्याच्या भूखंडाची किंमत बांधापलीकडच्या सांगाड्यामुळे खाली येते. राखीगढीत तर गावाचा काही भाग टेकाडांवरच वसलेला. तेथील कुटुंबांना जुन्या घरावर मजला चढविणे हीसुद्धा सोपी गोष्ट राहिलेली नाही. जमीनमालकांच्या भीतीचा जो खरा भाग आहे तो हाच, आणि तो मान्य केल्यावाचून त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हा सरकारी माणसांना नाही.

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातील सिनौलीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २००५ साली एका शेतात जमीन सपाट करण्याचे काम चालले असता हाडे आणि भांडी दिसू लागली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्या हंगामात तेथे ११६ दफने उघडकीस आणली. २०१८ साली पुन्हा खोदकाम झाले तेव्हा तांब्याने मढविलेल्या शवपेट्या आणि चाकांची वाहने मिळाली. ती रथ की गाड्या, यावर पंडितांत वाद आहे. इसवी सनापूर्वी दोन हजारांच्या आसपासची ही दफनभूमी. पहिले हाड दिसल्यापासून राष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून घोषणा होईपर्यंत पंधरा वर्षे गेली; ती झाली २०२० साली, आणि तिच्यात सुमारे २८ हेक्टर क्षेत्र आले. यावरून दोन्ही गोष्टी दिसतात. सरकार हाडे दिसताच दुसऱ्या दिवशी शेतावर ताबा सांगत नाही. आणि एकदा मोठी दफनभूमी निघाली की परिणाम एका शेतापुरता राहत नाही.

आता पैशाविषयी. इंग्लंडात १९९० नंतर अशी पद्धत पडली की बांधकाम करू इच्छिणाऱ्यानेच पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च बहुधा सोसावा. आपल्याकडे सरकारी उत्खननाचा खर्च खात्याकडे असतो, मालकाकडे नव्हे. पुरातत्त्व अधिकाऱ्याला असंरक्षित खाजगी जमिनीतही जिल्हाधिकारी व मालक या दोघांना लेखी सूचना देऊन खोदकाम करता येते. मालकाची संमती त्याला लागत नाही. परंतु त्या प्रवेशामुळे किंवा खोदकामामुळे पीक बुडाले, उत्पन्न घटले, जमिनीचे नुकसान झाले, तर केंद्र सरकारने भरपाई द्यावी, असे १९५८ च्या कायद्याचे २७ वे कलम सांगते. हे कलम फार थोड्यांना माहीत आहे. भरपाई मागावयाची तर खोदकामापूर्वी शेतात कोणते पीक उभे होते, बांध व पाट कसे होते, याची नोंद आणि छायाचित्रे हवीत. नंतर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला कागदाचे वजन येत नाही.

क्वचित सरकार जमीन संपादनही करते. त्या वेळी २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाईची तत्त्वे लागू होतात. २०१५ पासून ती पुरातत्त्व कायद्याखालील संपादनालाही लावली आहेत. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंतच्या गुणकाने गुणतात आणि तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. म्हणजे संपादन झालेला मालक पुष्कळदा केवळ निर्बंध आलेल्या मालकापेक्षा बऱ्या स्थितीत असतो, हा एक चमत्कारिक न्याय आहे.

शहरात प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा तोटा थांबलेल्या कामाचा असतो. कंत्राटदाराची माणसे बसून राहतात, भाड्याचे यंत्र उभे राहते, बँकेचे व्याज चालू राहते, आणि यांची भरपाई सहजी कोणाकडून मिळत नाही. मोठ्या कामांच्या करारांत जीवाश्म, नाणी, पुराणवस्तू निघाल्यास काय करावयाचे, मुदत कशी वाढवायची आणि खर्च कोणी सोसायचा, याचे कलम असते. लहान घराच्या करारात ते कोणी घालीत नाही. दोन ओळींचे काम आहे. नदीकाठी किंवा जुन्या पांढरीच्या मातीवर बांधणाऱ्याने ते अवश्य करावे.

एक प्रकार राहिला, तो दगड झालेल्या हाडांचा. जबलपूरला १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना अशी हाडे मिळाली. ती राक्षसी सरड्यांची, म्हणजे डायनोसॉरची, हे पुढे कळले. गोदावरीच्या गाळात हत्ती आणि रानबैल यांची अश्मीभूत हाडे मिळालेली आहेत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात काही कुटुंबे शेतात मिळालेले गोल दगड कुलदैवत म्हणून पुजीत होती, ती डायनोसॉरची अंडी असल्याचे २०२३ साली तज्ज्ञांनी ओळखले. मालकाच्या दृष्टीने येथे भीती सर्वांत कमी, कारण पुरातत्त्वाचा कायदा मानवी इतिहासाच्या अवशेषांसाठी आहे. जीवाश्मांसाठी निराळ्या कायद्याचा मसुदा केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली प्रसिद्ध केला, तोवर स्वतंत्र असा कायदा नव्हताच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळविणे हा त्यातला सरळ मार्ग.

घाईने व भक्तीने केलेले खोदकाम कसे अंगाशी येते, याचे उदाहरण पंजाबातील अजनाला येथे घडले. १८५७ च्या बंडातील शिपायांची प्रेते जेथे टाकली होती, ती विहीर २०१४ साली स्थानिक लोकांनी स्वतःच उपसली. हेतू हुतात्म्यांच्या सन्मानाचा, पण जाणकार कोणी जवळ नव्हते. कवट्या फुटल्या, हाडे एकमेकांत मिसळली, आणि कोणते हाड कोणाचे हे पुढे सांगता येईना. शास्त्रज्ञांना अखेर दातांवर आणि आनुवंशिक द्रव्यावर काम करावे लागले, तेव्हा २०२२ साली कळले की ते शिपाई गंगेच्या खोऱ्यातले होते.

तेव्हा हाड दिसताच तेथेच थांबावे. ते धुऊ नये, हळदकुंकू लावू नये, कापडात गुंडाळून घरी नेऊ नये. हाताळण्यानेही त्यातील तपासण्याजोगे द्रव्य बिघडते. वर ताडपत्री किंवा कोरडी माती पसरावी, बाजूला चार खुंट ठोकावेत, आणि ठाण्याला व गावच्या महसुली अधिकाऱ्याला कळवावे. त्याचे नाव कोठे तलाठी, कोठे पटवारी, कोठे लेखपाल, काम एकच. वर्दी तोंडी देऊ नये. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. गट क्रमांक, तारीख, किती खोलीवर काय दिसले आणि त्या वेळी कोण हजर होते एवढे लिहावे. एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का व सही घ्यावी. शिक्का देण्यास कारकून टाळाटाळ करू लागला, तर अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा. पुढे भरपाई मागण्याची वेळ आली तर पहिला पुरावा तोच कागद असतो.